यादी, पिशवी आणि बुधवार

एक तारखेला मोबाइल 'टुंग' करतो आणि पगार जमा होतो, असे भाग्यवान तुम्ही असाल तर तुमचं मनापासून अभिनंदन. पण वीस तारखेला तो पगार नेमका कुठे गायब होतो, हे सांगता येईल का? नाही ना? आम्हा फ्रीलान्सर मंडळींना ते सांगता यावंच लागतं. मास कॉमच्या वर्गात इन्व्हर्टेड पिरॅमिड शिकवला, कॅमेऱ्याचे अँगल शिकवले, मुलाखतीत अडचणीचा प्रश्न कधी टाकायचा तेही शिकवलं. पण लेख छापून आल्यावर पेमेंट यायला तीन महिने लागले तर मधल्या काळात तूरडाळ कुठून आणायची, हा पेपर काही सिलॅबसमध्ये नव्हता.

नाशिकमध्ये मी आणि माझी रूममेट इंदिरानगरच्या एका टू-रूम-किचनमध्ये राहतो. ती सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. म्हणजे घरात एक नियमित पगार आणि एक 'बघू या महिन्यात काय येतंय'! किराण्याचा खर्च निम्मा-निम्मा. एकदा माझी दोन पेमेंट्स एकाच वेळी लटकली, तेव्हा तिने शांतपणे सल्ला दिला, "रडू नकोस, आधी बिलं काढ." अकाउंट्सवाल्यांना प्रत्येक दुःखाचं औषध बिलात सापडतं असा त्यांचा ठाम समज असतो. यावेळी ते खरंच सापडलं.

तीन महिन्यांची कुंडली

तीन महिन्यांची बिलं जमिनीवर पसरली. किराणा, भाजी, दूध सगळं धरून आकडे निघाले ९,८७०, ९,२१० आणि ९,८४०. सरासरी ९,६४०. दोन माणसांच्या घराला! त्यातही आम्ही दोघी दुपारचं जेवण डब्यात नेणाऱ्या, आणि रविवारची मिसळ या हिशेबात नाही (मिसळीला खर्च म्हणणं हा नाशिककरांच्या दृष्टीने गुन्हा आहे).

मग रूममेटने लाल पेन घेतलं. दहा मिनिटांत सामान घरी आणून देणाऱ्या ॲपवरून तीन महिन्यांत ४१ ऑर्डर्स. कधी कोथिंबीर, कधी अर्धा लिटर दूध, कधी रात्री साडेदहाला चिप्स. प्रत्येक ऑर्डरला डिलिव्हरी, हँडलिंग, पावसाचे जादा पैसे असं काही ना काही लागलेलं. सरासरी २८ रुपये. एकूण १,१४८ रुपये. म्हणजे ज्यातून एक दाणाही पोटात जात नाही असे हजारावर रुपये!

दुसरी गंमत छोट्या पाकिटांची. जिऱ्याचं ५० ग्रॅमचं पाकीट ३० रुपयांना. स्वस्त वाटतं ना? किलोचा भाव काढा, ६०० रुपये. तेच जिरं आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाव किलो सुटं ९० रुपयांना, म्हणजे ३६० रुपये किलो. शेंगदाण्यांचं २०० ग्रॅमचं पाकीट ४८ रुपयांना, म्हणजे २४० रुपये किलो. सुटे शेंगदाणे त्याच आठवड्यात १५० ला होते. नाशिकमध्ये राहून साबुदाण्याच्या खिचडीत २४० रुपये किलोचे शेंगदाणे घालायचे म्हणजे जरा जास्तच झालं, भो!

ट्रॉलीचा फंडा

आता जरा इतिहास. मॉलमधली ती चाकांची ट्रॉली आली कुठून? अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या एका दुकानदाराने १९३७ मध्ये ती आणली. त्याच्या लक्षात आलं होतं, की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. मग टोपलीला चाकं लावली तर? सुरुवातीला लोकांना ट्रॉली ढकलायला लाज वाटायची. बायका म्हणायच्या, बाबागाड्या ढकलून झाल्या, आता पुरे. पुरुषांना वाटायचं, आपण काय टोपली उचलायला कमजोर आहोत? तेव्हा गोल्डमनने चक्क मॉडेल्स भाड्याने आणून दुकानात ट्रॉल्या ढकलायला लावल्या. पुढचं आपण सगळे जाणतोच. नव्वद वर्षं होत आली, आपण अजून ढकलतोय.

गोल्डमनचं डोकं उलटं वापरायचं, असं आम्ही ठरवलं. ट्रॉली घ्यायचीच नाही. घरून दोन कापडी पिशव्या न्यायच्या आणि दुकानात हातातली टोपली घ्यायची. दंड दुखायला लागला की खरेदी संपली! ऐकायला विनोदी वाटतं, पण पहिल्याच महिन्यात 'एकावर एक फ्री'चे सॉस, नूडल्स आणि रूम फ्रेशनर घरात आलेच नाहीत. कुणी उचलणार?

दुकानाची मांडणीही नीट बघा. सगळ्यात जास्त नफ्याचा माल बहुतेक वेळा डोळ्यांच्या पातळीवर असतो. स्वस्त पर्याय खाली, वाकून बघावं लागेल असा. दूध आणि रोजच्या वस्तू सहसा आत, म्हणजे तिथपर्यंत पोचताना तुम्ही सगळं दुकान बघून घ्यावं. जिममध्ये पैसे भरून स्क्वॉट्स मारता ना? मग इथे फुकटात मारा आणि खालचा कप्पा बघा.

पाकिटावरचा बारीक आकडा

ही टीप मात्र कापून ठेवा. पूर्वी चहा, बिस्किटं, खाद्यतेल अशा काही वस्तू ठरावीक वजनाच्या पाकिटांतच विकायचं बंधन होतं. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांमध्ये २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ते बंधन काढून टाकलं. म्हणून आता ८७ ग्रॅम, १३५ ग्रॅम अशी चमत्कारिक वजनं दिसतात. पाच आणि दहा रुपयांचं पाकीट पाच आणि दहालाच राहतं, आतला माल तेवढा गुपचूप बारीक होतो. डाएट तुम्ही करायचं ठरवता, करतो मात्र बिस्किटाचा पुडा!

पण त्याच दुरुस्तीने आपल्याला एक हत्यारही दिलं. पाकिटावर एमआरपीच्या शेजारी 'युनिट सेल प्राइस' छापणं आलं. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर एका ग्रॅमचा भाव, जास्त वजनाच्या पाकिटावर एका किलोचा. म्हणजे '०.२४ रुपये प्रति ग्रॅम' असं दिसलं की हजाराने गुणायचं, किलोला २४० रुपये. दोन ब्रँड, दोन वजनं, दोन ऑफर्स असल्या तरी तुलना करायला हा एकच आकडा पुरतो. आणि कधीकधी मोठं पाकीट छोट्यापेक्षा महाग निघतं, हेही तिथेच कळतं.

आणखी एक गोष्ट. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो लागला नाही. वाण्याने तुमच्यासमोर गोणीतून तोलून दिलेली तूरडाळ ही सुटी डाळ. त्यामुळे गोणीत हात घालून डाळ बघणारी आपली आजी टॅक्स प्लॅनिंगमध्ये आपल्या सीएपेक्षा मागे नव्हती.

आमचं बिल्डिंग मंडळ

एकटीने वाचवायला मर्यादा असते. पंधरा किलोचा तेलाचा डबा किंवा गव्हाची अख्खी गोणी दोघींच्या घरात ठेवायची कुठे, आणि संपवायची कधी? इथे मला एका जुन्या मराठी आयडियाची आठवण झाली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची पद्धत एकदम साधी. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, पंचायत घाऊक भावात माल आणणार आणि तो आपण आपसात वाटून घ्यायचा. जाहिरात नाही, शोरूम नाही, एसी नाही. वाटप सभासदच करतात, त्यामुळे मधला खर्च कमी. महागाईच्या दिवसांत मध्यमवर्गीय घरांनी उभं केलेलं हे काम आजही चालू आहे. आपण आज ज्याला 'ग्रुप बाइंग' म्हणतो, ते आपल्या आई-मावश्यांनी स्मार्टफोनशिवाय करून दाखवलंय.

मग काय, आमच्या बिल्डिंगमध्ये पाच घरांचं एक मंडळ जमलं. आम्ही दोघी, वरच्या मजल्यावरचं आयटीवालं जोडपं, बँकेत नोकरी करणारा एकटा मुलगा, एक चौकोनी कुटुंब आणि तळमजल्यावरचे रिटायर्ड काका-काकू. काकू आपोआप अध्यक्ष झाल्या. कारण वजनकाटा त्यांच्याकडे होता आणि आवाजही.

पहिल्याच मीटिंगला काकूंनी माझी यादी वाचली. "अगं, चिया सीड्स? पास्ता? पेरी पेरी मसाला? आणि मीठ कुठाय?"

"काकू, मीठ आहे घरात."

"किती आहे? डबा बघितलास का यादी करताना?"

इथेच काकूंचा पहिला नियम निघाला. यादी सोफ्यावर बसून करायची नाही, स्वयंपाकघरात उभं राहून करायची. एकेक डबा उघडायचा, आणि मगच लिहायचं. दुसरा नियम, महिन्याला एकच मोठी खरेदी. तिसरा, नवा माल डब्यात ओतताना जुना वर काढायचा. हेच सुपरमार्केटवाले 'फर्स्ट इन, फर्स्ट आउट' म्हणून ट्रेनिंगमध्ये शिकवतात.

तेव्हापासून किराणा रविवार कारंजा परिसरातून घाऊक भावाने येतो. गव्हाची गोणी पाच घरांत वाटली जाते आणि ज्याचं त्याचं दळण गिरणीत जातं. तांदूळ घोटीचा. इगतपुरी-घोटीचा पट्टा म्हणजे धो धो पावसाचा, भाताचा. तिथल्या गिरणीतून आणलेल्या इंद्रायणीचा भात शिजला की आयटीवाल्या जोडप्याच्या घरातला वास दोन मजले खाली येतो. पेठ-सुरगाण्याकडची नागली आणतो. 'मिलेट्स' असं इंग्रजी लेबल लावलं की तिचाच भाव कुठल्या कुठे जातो.

बुधवारची संध्याकाळ

भाजीसाठी आमचा वार ठरला बुधवार. गोदाकाठचा बुधवारचा बाजार नाशिककरांना नव्याने सांगायला नको. बाहेरून नोकरीसाठी आलेल्यांनी मात्र एकदा जाऊन बघाच. ऑफिस सुटल्यावर साडेसातला गेलात तर भाव सकाळच्यापेक्षा उतरलेले असतात. भाजी परत न्यायची नसते, आणि विकणाऱ्याला घरी जायचं असतं.

आता खरा प्रश्न इथे सुरू होतो. बाजारात गेलो की आपल्या सगळ्यांमध्ये एक घासाघीस चॅम्पियन जागा होतो. कॉफी शॉपमध्ये २५० रुपयांच्या कॉफीवर "भैया, थोडं कमी करा ना" असं कोणी म्हणतं का? पण मेथीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी आपण दहा मिनिटं उभे! मीही उभी असायचे. एका बुधवारी मेथीवाल्या मावशींना मी सवयीने म्हटलं, "मावशी, वीसला दोन द्या की."

त्या म्हणाल्या, "घे पोरी. पण यार्डात काल शेकड्याला काय भाव फुटला, माहितीये का तुला?"

मला माहीत नव्हतं. आणि मी पत्रकार! मग माहिती काढायचं ठरवलं. मार्केट यार्डात कोथिंबीर, मेथी, शेपूचे लिलाव शेकड्याने होतात. म्हणजे शंभर जुड्यांचा भाव पुकारला जातो. नाशिकला मुंबईची परसबाग म्हणतात ते उगाच नाही. इथला भाजीपाला रात्रीतून गाड्या भरून तिकडे जातो. आवक वाढली की भाव असा कोसळतो, की काढणीची मजुरी आणि गाडीभाडंही सुटत नाही. मग कोणी शेतकरी तिथेच माल टाकून निघून जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. आपण तो बघतो, 'अरेरे' म्हणतो आणि संध्याकाळी वीसला दोन मागतो.

कांद्याचं गणित

कांद्याचं तर विचारूच नका. लासलगाव आपल्यापासून साठेक किलोमीटरवर. कांदा महागला की अख्ख्या देशाचे कॅमेरे तिथे पोचतात. १९९८ च्या दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत कांद्याचा भाव हाच प्रचाराचा मुद्दा झाला होता. पण कांदा स्वस्त होतो तेव्हा? नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकला. त्याला मिळाले १,०६४ रुपये. त्याने ते सगळे पैसे मनीऑर्डरने पंतप्रधान कार्यालयाला पाठवून दिले. किलोला दीड रुपयाही नाही! ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली, आणि उरलेलं शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. शहरातल्या भाजीचा भाव आटोक्यात ठेवण्यासाठी घेतलेल्या या निर्णयांचा हिशेब निफाड, येवला, चांदवडच्या घरांत होत होता.

आमच्या मंडळात यावर जाम वादावादी झाली. बँकेतला मुलगा म्हणाला, "आपण बचत करायला बसलोय, समाजसेवा नाही." त्याचंही खरं होतं. होम लोनचा हप्ता त्याचा, तो आपल्यापैकी कोणी भरणार नाही. काका म्हणाले, "अरे, दोन्ही जमतं का बघू या की." काकांचा पुतण्या निफाड तालुक्यात शेती करतो. मे महिन्यात त्याच्याकडे थेट गेलो. त्या दिवशी यार्डात साधारण १४ रुपये किलोने कांदा जात होता. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा. आमच्या भागात किरकोळ भाव ३०. आम्ही १८ रुपयांनी १०० किलो घेतला. त्याला यार्डापेक्षा चार रुपये जास्त, आम्हाला दुकानापेक्षा बारा रुपये कमी.

जरा प्रामाणिक हिशेब करू. शंभर किलोवर वाचले १,२००, पेट्रोल गेलं ५५०. उरले ६५०, म्हणजे घरटी १३०. यात काय एवढं? थांबा. मेमधला कांदा हा उन्हाळ कांदा. पातळ सालीच्या लाल कांद्यासारखा तो लगेच सडत नाही. हवेशीर जागी पसरून ठेवला तर चार-पाच महिने टिकतो. म्हणूनच शेतकरी तो चाळीत भरून ठेवतात. जुना कांदा संपत येतो आणि नवा लाल कांदा पावसाने लांबतो, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाव चढतात. आमच्याकडे ऑक्टोबरात कांदा ५० ला होता आणि आम्ही १८ चा खात होतो. थोडा सुकला, थोड्याला कोंब आले, काही फेकला. तरीही सौदा सॉलिड. फक्त लक्षात ठेवा, कांदा बटाट्याशेजारी ठेवायचा नाही, फ्रीजमध्ये नाही, आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नाही.

तेव्हापासून मंडळाचा एक अलिखित करार आहे. घासाघीस करायची ती पाकीटवाल्यांशी, ऑफरवाल्यांशी, आपल्या स्वतःच्या आळसाशी. जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या मावशींशी नाही. मेथी महाग असेल तर त्या आठवड्यात मेथी नाही, जे स्वस्त आहे ते. सीझनप्रमाणे खाल्लं की आपोआप स्वस्त पडतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकमध्ये बसून इम्पोर्टेड सफरचंद खायचं आणि द्राक्षांकडे बघायचं नाही, याला काय म्हणायचं?

वाचलेल्या पैशाचं काय झालं?

सहा महिन्यांनी रूममेटने पुन्हा लाल पेन काढलं. नवी सरासरी ६,७००. म्हणजे महिन्याला २,९४० कमी. माझा निम्मा वाटा १,४७०. वर्षाचे १७,६४०. कोणाला हा आकडा किरकोळ वाटेल. एका वीकेंड ट्रिपमध्ये उडतो. मी तो वेगळ्या खात्यात टाकत गेले आणि खात्याला नाव दिलं, 'डाळ-भात फंड'.

मध्यंतरी मला एक काम आलं. एका प्रोजेक्टची जाहिरात, पण बातमीसारखी लिहायची, खाली माझं नाव टाकून. पैसे बरे होते आणि लगेच मिळणार होते. त्याच आठवड्यात माझं एक पेमेंट पुन्हा लांबलं होतं. जुन्या दिवसांत मी आधी फ्रीज उघडून बघितला असता आणि मग उत्तर दिलं असतं. यावेळी फंडात दोन महिन्यांचा किराणा होता, गॅलरीत कांदा होता, डब्यात घोटीचा तांदूळ होता. मी 'नाही' म्हटलं. समोरच्याने विचारलं, "का? रेट कमी वाटतो का?" त्याला काय सांगणार, की दादा, माझ्याकडे सध्या तूरडाळ आहे!

आपल्या पिढीला स्वातंत्र्य म्हटलं की गोव्याचा बीच आणि राजीनाम्याचा ईमेल आठवतो. असेल तसंही. पण राजीनाम्याचा ईमेल पाठवायला, बॉसच्या चुकीच्या गोष्टीला मान न डोलवायला किंवा नको त्या ठिकाणी सही न करायला महिना-दोन महिन्यांचं धान्य घरात लागतं. ते धान्य भरायला लॉटरी लागत नाही. एक यादी, दोन पिशव्या आणि बिल्डिंगमधली चार घरं पुरतात.

तेव्हा या रविवारी एवढंच करा. गेल्या तीन महिन्यांची बिलं काढा, लाल पेन घ्या आणि शेजारची बेल वाजवा. तुमच्या बिल्डिंगमध्येही वजनकाटा आणि मोठा आवाज असलेल्या एक काकू असतीलच. आमच्या काकूंनी परवा नवा ठराव मांडलाय. मेमध्ये यंदा १५० किलो कांदा, आणि गोणी उचलायला बँकेतल्या मुलाने यायचं. तो म्हणाला, "मी बघतो." काकू म्हणाल्या, "बघू नकोस, उचल."